आधी मैफल, मग मशीन : नागपुरातल्या ऑडिओ शौकिनांनी एकत्र कसं यावं

नागपुरात ज्याच्या घरी बरे स्पीकर आहेत, तो बहुतेक वेळा एकटाच ऐकत बसलेला असतो. घरचे एक-दोनदा कौतुकानं ऐकतात, तिसऱ्यांदा आवाज कमी करायला सांगतात. बसवून, निवांत ऐकवून विकणारी दुकानं आपल्याकडे मोजकीच. मग दुसरा अ‍ॅम्प (स्पीकर चालवणारा अ‍ॅम्प्लिफायर), दुसरा टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र) आपल्या कानानं ऐकायचा तर कुणाच्या तरी घरीच जावं लागतं, आणि त्यासाठी ते घर माहीत असावं लागतं. गेली काही वर्षं आम्ही सहा-सातजण नियमित भेटतो. मैफलींना जातो, एकमेकांच्या घरी ऐकतो, जमेल तेव्हा मुंबईचं प्रदर्शन गाठतो. ज्यांना असं काही सुरू करायचं आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. पहिली भेट कुणाच्या घरी ठेवू नका, मैफलीत ठेवा. घरी भेटलात की मशीन यजमानाची असते. पाहुणा एकतर भिडेपोटी वाहवा करतो, नाहीतर दोष काढतो आणि तिथेच मन दुखावतं. मैफलीतला आवाज कुणाच्याच मालकीचा नसतो. चौघांनी एकाच संध्याकाळी एकच तंबोरा, एकच तबला ऐकलेला असला की पुढे कुठलंही मशीन ऐकताना बोलायला सगळ्यांपाशी एकच माप असतं. ते माप नसेल तर "ब्राइट", "वॉर्म" हे शब्द प्रत्येकजण वेगळ्या अर्थानं वापरतो आणि तासभर वाद होतो.

माणसं कुठे सापडतात

सुरुवातीला तिघं पुरेत. मध्यंतरात सगळे चहाकडे वळतात तेव्हा एखादा माणूस स्टेजजवळ जाऊन स्पीकरकडे निरखून पाहत असतो. त्याच्याशी बोला. मिक्सरमागे उभा राहून साउंडवाल्याचे हात बघणारा असतो, त्याच्याशीही बोला. आमच्यातले दोघं असेच भेटले. तिसरा भेटला बर्डीवर (सीताबर्डीत), एका दुरुस्तीच्या दुकानात. मी कॅसेट डेकचा बेल्ट बदलायला गेलो होतो आणि तो जुन्या अ‍ॅम्पचे कपॅसिटर विचारत होता. जुन्या रेकॉर्डी विकणारे, पेटी-तबला दुरुस्त करणारे आणि गाण्याचे क्लास घेणारे शिक्षक हे आणखी तीन दरवाजे आहेत.

तिघांमध्ये एक सोल्डरिंग येणारा, एक गाणं खरंच समजणारा आणि एक रेकॉर्डी जपणारा असेल तर गट टिकतो. सगळेच मशीनवाले असतील तर गप्पा लवकरच किमतींवर येतात, आणि ज्याचं बजेट कमी आहे तो पोरगा हळूच यायचा बंद होतो. ते होऊ देऊ नका.

वर्षाला तीन प्रकारच्या मैफली

नागपूरकरांना इथे तक्रारीला जागा नाही. सिव्हिल लाइन्सला डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह आहे. वसंतराव मूळचे मूर्तिजापूरचे, जन्म १९२०चा, आणि गाण्याचे पहिले धडे त्यांनी याच शहरात शंकरराव सप्रे यांच्याकडे गिरवले. त्यांच्या स्मृतीचा संगीत समारोह दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र भरवतं. रेशीमबागेतलं कविवर्य सुरेश भट सभागृह २०१७ मध्ये सुरू झालं, ते पुष्कळ मोठं. लक्ष्मीनगरचं सायंटिफिक सोसायटीचं सभागृह त्या मानानं लहान. हिवाळ्यात ईश्वर देशमुख महाविद्यालयाच्या मैदानावर खासदार सांस्कृतिक महोत्सव होतो, तिथे उघड्यावरचा, मोठ्या यंत्रणेचा आवाज ऐकायला मिळतो.

आमचा नेम असा, की वर्षातून निदान एक सभागृहातली, एक मैदानावरची आणि एक विनामाइकची बैठक ऐकायचीच. तिन्हींत शोधायच्या गोष्टी निराळ्या आहेत.

सगळ्यात मोलाची विनामाइकची. अशी बैठक जाहिरातीत सापडत नाही. गुरुपौर्णिमेला गाण्याच्या क्लासांमध्ये, कुणाच्या हॉलमध्ये, वाड्याच्या माडीवर अशा बैठका होतात. ओळखीच्या शिक्षकांना विचारा, "सर, आम्ही मागे गुपचूप बसू, चालेल का?" बहुतेक जण हो म्हणतात. कलाकारापासून दहा-बारा फुटांवर बसा. त्याहून मागे गेलात की खोलीच जास्त ऐकू येते.

आणि वेळेच्या अर्धा-पाऊण तास आधी पोचा, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो. तंबोरा लागताना ऐकणं हाच आमच्यासाठी अर्धा कार्यक्रम असतो. मागच्या गुरुपौर्णिमेला आम्ही असेच लवकर गेलो. एक मुलगी तंबोरा जुळवत होती. तार बरोबर स्वरात आली होती तरी तिचं समाधान होत नव्हतं. मग तिनं घोडीवरचा, तारेखालचा तो बारीक दोरा नखानं केसभर पुढे सरकवला. तेवढ्यानं नुसता टणटण वाजणारा आवाज एकदम उमलला, तारेतून वरचे स्वर एकामागून एक निघायला लागले आणि खोलीभर पसरले. जवारी उघडली म्हणतात ती ही. स्वर तोच होता, उंचीही तीच होती, बदलला तो फक्त वरच्या स्वरांचा मेळ. आमच्यातला एक इंजिनिअर तिथेच म्हणाला, "आता घरी जाऊन हेच शोधतो, माझ्या स्पीकरात हा दोरा सरकतो का." तेव्हापासून कुठलाही स्पीकर ऐकताना आम्ही आधी तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग लावतो.

आणखी काय ऐकायचं ते थोडं सविस्तर सांगतो. तबल्यात चाटेवरचा (बाहेरच्या कडेवरचा) 'ना' आणि शाईच्या काठावरचा 'तीं' यांच्यात बोट उचललं जाण्याचा फरक असतो. वाईट ट्वीटरवर (वरच्या स्वरांच्या छोट्या स्पीकरवर) दोन्ही एकाच धातूचे वाटतात. डग्ग्यावर मनगट घासून आवाज वर चढवतात, तेव्हा तो चढ अखंड ऐकू यायला हवा. मधला एखादा टप्पा अचानक मोठा झाला, तर ती करामत बहुधा खोलीची असते. पेटीत भात्याचा श्वास, पट्टी सोडल्याचा टक. गायकाचा श्वास कुठे तुटतो. आणि खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सा. काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून) गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्यात जोडीच्या तारा साधारण १३९ हर्ट्झला लागतात आणि खर्जाची तार ६९ हर्ट्झला. लहान बुकशेल्फ स्पीकर ६९ हर्ट्झपर्यंत उतरताना दमतो, तरी खर्ज आहे असं आपल्याला वाटत राहतं, कारण वरच्या स्वरांवरून कान मूळ स्वर स्वतः भरून घेतो. समोर बसून खर्ज ऐकला की भरून घेतलेला आणि खरोखर आलेला यातला फरक कळतो. तो छातीत कळतो.

सभागृहात मात्र तुम्ही माइक आणि स्पीकर ऐकत असता, हे मनात ठेवा. साउंडवाला जिथे बसला आहे तिथला समतोल त्यानं कानानं जुळवलेला असतो, म्हणून मिक्सरच्या आसपासच्या खुर्च्या धरा. पहिल्या रांगेत, कडेला बसलात तर एकाच बाजूचा स्पीकर आणि स्टेजवरचे मॉनिटर (कलाकारांकडे तोंड केलेले स्पीकर) यांची खिचडी ऐकू येते. एसी सभागृहात आणखी एक गोष्ट घडते. ग्रीनरूममध्ये लावलेला तंबोरा गार स्टेजवर उतरतो-चढतो आणि कलाकार पहिल्या दहा मिनिटांत पुन्हा लावतो. त्या दहा मिनिटांत बोलू नका.

मैदानावर अंतराचा खेळ असतो. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे स्टेजपासून ३४ मीटरवर तो सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशिरा येतो. म्हणून मैदानाच्या मध्ये उभ्या केलेल्या स्पीकरच्या टॉवरचा आवाज मुद्दाम तेवढाच मागे ठेवतात. टॉवरच्या पुढे आणि मागे दहा-दहा पावलं चालून ऐका. टाळीचे दोन तुकडे होतात का, तेही बघा. जुळवणी चुकलेली असेल तर ती अशी फिरून लगेच कळते. स्टेजवर केळीच्या घडासारखे वाकवून टांगलेले स्पीकर असतात, त्यांना लाइन अ‍ॅरे म्हणतात. साध्या स्पीकरचा आवाज अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबलनं उतरतो. लाइन अ‍ॅरेचा काही अंतरापर्यंत ३ डेसिबलच्या आसपासच उतरतो, म्हणून मागच्यांनाही ऐकू जातं.

मोठ्या आवाजाच्या कार्यक्रमाला खिशात इअरप्लग असू द्या. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेची मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास अशी आहे, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. त्या हिशेबानं ९४ ला एक तास आणि १०० ला पंधरा मिनिटं. फोनवरचं डेसिबल मोजणारं अ‍ॅप तंतोतंत नसलं तरी आपण ८५ ला आहोत की १०० ला, हे त्यावर कळतं. गेलेला कान परत येत नाही, आणि आपला सगळा छंद या दोन कानांवरच चालतो.

रेकॉर्डिंगचं काय? विचारल्याशिवाय नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ मध्ये कलाकाराला त्याच्या सादरीकरणावर हक्क आहे. कलाकार आणि आयोजक हो म्हणाले तर आनंदानं करा आणि एक प्रत त्यांना द्या.

लिहायचं आधी, बोलायचं नंतर

मैफल संपली की लगेच बोलायचं नाही, असा आमचा नियम आहे. बाहेर येऊन प्रत्येकानं वहीत चार ओळी लिहायच्या : कुठे बसलो, तंबोरा कसा ऐकू आला, तबला-डग्ग्याचा तोल कसा होता, एक आवडलेली आणि एक खटकलेली जागा. मग चहा. सकाळची सभा असेल तर तर्री पोहे. आधी बोललो तर जो मोठ्या आवाजात बोलतो त्याचंच मत सगळ्यांचं होतं. वहीमुळे लाजरा माणूसही मोजला जातो. या वह्या पुढे फार कामाला येतात, त्या जपून ठेवा.

घरची बैठक

दोन-तीन मैफली एकत्र झाल्या की घरी बोलवा. पाचजणांपेक्षा जास्त नकोत, कारण चांगल्या जागेवर एका वेळी एकच खुर्ची मावते.

दिवस ठरवताना आपल्या शहराचं हवामान बघा. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर हा सोन्याचा काळ. एप्रिल-मेमध्ये कूलर लावला तर त्याच्या घरघरीत तंबोऱ्याचा वरचा निम्मा भाग बुडतो आणि कूलर बंद केला तर पाच माणसं आणि एक वाल्व्ह अ‍ॅम्प मिळून खोलीची भट्टी होते. उन्हाळ्यात ऐकायचंच असेल तर पहाटे साडेपाचला बसा. आम्ही बसतो. त्या वेळी रस्ता शांत असतो आणि वीजही स्थिर असते.

आता खोली. नागपुरातल्या फ्लॅटमध्ये १० बाय १२ची खोली आणि दहा फुटांचं छत हे नेहमीचं माप. बारा फुटांच्या लांबीत ४७ हर्ट्झला आवाज घुमतो आणि दहा फुटांच्या रुंदीत ५६ ला. उंचीही दहाच, म्हणून तोही ५६ ला. दोन घुमे एकाच ठिकाणी पडतात आणि त्या पट्ट्यातला बास फुगतो. तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या जरासा वर असल्यानं बचावतो, पण सिनेसंगीतातला बास गिटार आणि ढोल सापडतात. उपाय फुकटचा आहे. खुर्ची भिंतीला टेकवू नका, कारण घुमा भिंतीपाशी सगळ्यात जास्त असतो. अगदी मधोमधही नको, तिथे तोच बास गायब होतो. मागच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर बसून सुरुवात करा आणि अर्धा-अर्धा फूट सरका. खाली सतरंजी, मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट किंवा उभी केलेली गादी. एवढ्यानं जो फरक पडतो तो वायर बदलून पडत नाही.

पाहुणे आपापलं सामान आणतात तेव्हा पहिला त्रास गुणगुणीचा. आमच्या पहिल्याच बैठकीत रेकॉर्ड लावायच्या आधीच एकजण म्हणाला, "काका, तुमचं मशीन गुणगुणून राहिलं जी." यजमान कसनुसे झाले. मशीन ठणठणीत होतं. टर्नटेबल एका प्लगवर, अ‍ॅम्प दुसऱ्यावर आणि लॅपटॉप पलीकडच्या खोलीतून आणलेल्या वायरवर, अशा तीन वाटांनी अर्थिंग फिरत होतं. तेव्हापासून सगळं सामान आम्ही एकाच जाड एक्स्टेन्शन बोर्डावर लावतो, लॅपटॉप बॅटरीवर चालवतो आणि सेट-टॉप बॉक्सची केबल काढून ठेवतो. तरी गुणगुण राहिली तर एकेक वस्तू काढत जा. जी काढल्यावर थांबते तिथे बिघाड आहे. अर्थिंगची पिन मात्र कापायची नाही. ती पिन माणसाचा जीव वाचवण्यासाठी असते.

दोन अ‍ॅम्प ताडून बघायचे असतील तर आवाजाची पातळी सारखी केल्याशिवाय एक शब्दही बोलू नका. अर्ध्या डेसिबलनं मोठा असलेला अ‍ॅम्प मोठा वाटत नाही, तो "जास्त मोकळा", "जास्त तपशीलवार" वाटतो. बहुतेक वाद इथेच जन्मतात. पद्धत सोपी आहे. १०० हर्ट्झचा सरळ सूर वाजवा. साध्या मल्टिमीटरला हा सूर नीट मोजता येतो, हजार हर्ट्झचा कित्येकांना येत नाही. मीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या दोन टर्मिनलांवर टोकं लावा. टोकं एकमेकांना चिकटू देऊ नका. पहिल्या अ‍ॅम्पवर १.०० व्होल्ट दिसला तर दुसऱ्याचा आवाज ०.९९ ते १.०१ च्या मध्ये आणा. ही जुळणी ०.१ डेसिबलच्या आत येते. आमच्यातले एक दादा पेशानं इलेक्ट्रिशियन आहेत. ते गुडघ्यावर बसून टोकं धरतात, दुसरा कुणीतरी नॉब केसाकेसानं फिरवतो आणि दादा आकडे मोठ्यानं वाचतात : "शून्य सत्त्याण्णव... अठ्ठ्याण्णव... थांब, मागे घे." त्या दोन मिनिटांत खोलीत कुणी खोकतही नाही. स्पीकर बदलायचे असतील तर मात्र व्होल्ट मोजून भागत नाही. खुर्चीपाशी फोन ठेवून पिंक नॉइजवर (सगळे स्वर मिसळलेल्या खळखळ आवाजावर) पातळी जुळवा, ती थोडी ढोबळ असते.

मग डोळे बाजूला ठेवा. एकानं पडद्यामागे बसून नाणं उडवत अ‍ॅम्प बदलायचा, दुसऱ्यानं ऐकून लिहायचं. १६ वेळा करा. १२ किंवा जास्त बरोबर आले तर ते निव्वळ नशीब असण्याची शक्यता शंभरात चारपेक्षा कमी आहे. दहाच वेळा करून आठ बरोबर आले तर तेवढी खात्री देता येत नाही. आमच्या एका मित्राचा एका वायरवर फार जीव होता. १६ पैकी ९ आले. तो गप्प झाला. तेव्हा कुणीही हसलं नाही, याचा मला आजही अभिमान वाटतो. महिन्याभरात त्यानं वायर विकली आणि त्या पैशांतून खोलीला जाड पडदे आणि गालिचा घेतला. आता त्याचीच खोली सगळ्यात चांगली वाजते. उलट, दोन फोनो स्टेज (टर्नटेबलचा बारीक सिग्नल वाढवणारी यंत्रं) ताडताना दुसऱ्या एकाला १६ पैकी १४ ओळखता आले. फरक खरा होता आणि सगळ्यांनी तो मानला.

ऐकायला काय लावायचं? प्रत्येकानं दोनच तुकडे आणायचे, तीन-तीन मिनिटांचे. त्यातला एक मैफलीत ऐकलेल्या प्रकारचा, दुसरा आवडीचा. नुसता काच फुटल्याचा आणि ढोलाचा डेमो ऐकून काही कळत नाही. एक तंबोरा, एक बाई आणि एक पुरुष आवाज, एक तबला आणि एक भरगच्च ऑर्केस्ट्रा एवढं असलं की पुरे.

शेजाऱ्यांचा विचार करा. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही नियमातली मर्यादा आहे आणि रात्र दहाला सुरू होते. आम्ही साडेनऊला शेवटचा तुकडा लावतो. वरच्या मजल्यावरच्या आजींना एकदा खाली बोलावून नाट्यसंगीत ऐकवलं. तेव्हापासून तक्रार आली नाही. आता त्याच विचारतात, "पुढची बैठक कधी आहे रे?"

रेकॉर्डी नेता-आणताना

हे थोडक्यात, पण जीव तोडून सांगतो. मे महिन्यात एकानं सहा एलपी गाडीच्या डिकीत ठेवल्या आणि वाटेत अर्धा तास थांबला. उन्हात उभ्या बंद गाडीत तापमान सहज साठच्या घरात जातं आणि रेकॉर्डचं प्लास्टिक तिथेच मऊ पडायला लागतं. सहापैकी चार पापडासारख्या वळल्या. त्यातली एक त्याच्या वडिलांनी १९७०च्या दशकात घेतलेली होती. उन्हाळ्यात रेकॉर्ड न्यायची तर एसीत, माणसाच्या मांडीवर, उभी धरून.

लाखेच्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या कुणी आणल्या तर त्यांच्यासाठी सुई वेगळी लागते. एलपीची सुई साधारण ०.७ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), ७८ची ३ मिलच्या आसपास. एलपीच्या सुईनं ७८ वाजवली तर ती खाचेच्या तळाशी घासत जाते, खरखर ऐकू येते आणि सुईचीही वाट लागते. पाहुण्याच्या टर्नटेबलला त्याच्या परवानगीशिवाय हात लावू नका आणि आर्म त्यालाच ठेवू द्या. कूलरच्या खोलीत रेकॉर्डींची पाकिटं ओलसर होतात, बुरशी धरतात. पावसाळा संपला की एकदा सगळी काढून वारा द्या.

मुंबईच्या प्रदर्शनाला

हायफाय प्रदर्शनं आपल्याकडे मोठ्या शहरांत होतात, बहुधा हॉटेलांच्या खोल्यांमध्ये. गोरेगावच्या बॉम्बे एक्झिबिशन सेंटरला पाम एक्स्पो भरतं. ते मुख्यतः व्यावसायिक ध्वनियंत्रणेचं असतं. मैदानावरचा आवाज ऐकून ज्यांना कुतूहल वाटलं त्यांनी ते जरूर बघावं. रात्रीची दुरांतो घेतली की सकाळी सीएसएमटी आणि तिथून हार्बर मार्गाची लोकल थेट गोरेगावला. चौघं असाल तर समृद्धी महामार्गानं गाडीही परवडते, ७०१ किलोमीटर आहे. पण रात्रभर गाडी चालवलेल्या माणसाचे कान दुसऱ्या दिवशी काम करत नाहीत. मी रेल्वेच सुचवेन.

जाण्याआधी प्रत्येकानं तीनच तुकडे एका पेन ड्राइव्हमध्ये घ्यावेत, १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झचे साधे डब्ल्यूएव्ही किंवा फ्लॅक. कुठलंही मशीन ते वाजवतं. हेच तुकडे महिनाभर आधी घरच्या स्पीकरवर आणि ओळखीच्या हेडफोनवर रोज ऐका, म्हणजे ते पाठ होतात. हेडफोनवाल्यांनी ३.५, ६.३५ आणि ४.४ मिलिमीटरची जोडणी सोबत ठेवावी.

पहिल्या दिवशी दारं उघडतात तेव्हा आत शिरा. दुपारी बारानंतर गर्दीत काही ऐकू येत नाही. खोलीत गेलात की मधली खुर्ची मिळेपर्यंत थांबा, कडेच्या खुर्चीवरून मत बनवू नका. आपला तुकडा लावायची विनंती करा : "साहेब, एक तीन मिनिटांचा तुकडा लावाल का?" लावला तर तेवढ्यावरच थांबा, बाकीचेही वाट बघत असतात. आवाज वाढवायला सांगू नका. उलट, शक्य असेल तर थोडा कमी करायला सांगा, कारण प्रदर्शनात सगळेच जोरात वाजवतात आणि तिसऱ्या खोलीपर्यंत कान बधिर होतात. दर दोन खोल्यांनंतर दहा मिनिटं बाहेर, शांत बसायचं. आमचा एक सत्तरीचा सोबती दिवसात सहाच खोल्या ऐकतो आणि सगळ्यात नेमकं तोच बोलतो.

हॉटेलच्या खोलीत बास फुगलेला असेल तर तो दोष स्पीकरच्या माथी मारू नका. १० बाय १२चा हिशेब तिथेही लागू आहे. वहीत "खोली घुमते" असं वेगळं लिहा. किमती शेवटी विचारा, ऐकण्याआधी नाही. आकडा कळला की कान त्याच्यामागे धावतो. आणि त्याच दिवशी, तिथेच खरेदी करू नका, कितीही सूट असली तरी.

जगातलं मोठं हाय एंड प्रदर्शन २००४ पासून म्युनिकला भरायचं, २०२६ पासून ते व्हिएन्नाला हललं आहे. त्याचे व्हिडिओ आम्ही एकत्र बसून बघतो, पण फक्त बघतो. कुणाच्या तरी माइकनं घेतलेला, दाबून लहान केलेला आणि आपल्याच स्पीकरवर वाजणारा आवाज ऐकून तिथल्या स्पीकरबद्दल मत देता येत नाही.

पैसे आणि देणंघेणं

वर्गणी नको. चहा-पोहे यजमानाचे, तिकीट ज्याचं त्याचं. उसनं नेलेलं सामान एका वहीत लिहा, तारखेसह, आणि महिन्यात परत करा. गटातल्या गटात विक्री झाली तर किंमत दोघांनीच ठरवावी, बाकीच्यांनी मत देऊ नये. नव्या पोराला दोन हजारांचे जुने स्पीकर मिळवून द्यायला सगळ्यांनी हातभार लावा. आमच्याकडे असा एक पोरगा आला, पॉलिटेक्निकचा. आता तो तिघांचे अ‍ॅम्प दुरुस्त करतो.

प्रदर्शनाहून परत आलात की आठ दिवसांच्या आत कुणाच्या तरी घरी भेटा आणि तेच तीन तुकडे तिथल्या स्पीकरवर लावा, मुंबईच्या वह्या शेजारी उघड्या ठेवून. जे फरक तिथे लिहिले होते त्यातले कुठले खुर्ची आणि पडदा सरकवून घरीच भरून निघतात, ते आधी बघा. मागच्या वेळी आमच्या वहीत नऊ फरक होते. खुर्ची पाऊण फूट पुढे घेतली आणि सतरंजी दुहेरी केली, तेव्हा त्यातले पाच गेले. उरलेल्या चारांपैकी दोन खर्जाचे आहेत, त्यासाठी मोठा वूफर (खालच्या स्वरांचा स्पीकर) लागणार. इलेक्ट्रिशियन दादा त्या वूफरची लाकडी पेटी बनवायला बसले आहेत, आणि ती तयार झाली की पहिला तंबोरा त्यांच्याच घरी लागेल.